कथलाचा उजेड

नळदुर्गात वीरप्पा कल्हईवाल्याचं घर विचारलं की लोक आधी त्याचा भाता दाखवायचे, मग घर. माणूस तिशीचा, काटकुळा, बोटं नवसागरानं भाजून काळी पडलेली. गावाची पितळी भांडी आतून कथील लावून उजळून द्यायची, हा त्याचा धंदा. बाप गुरुसिद्धप्पा, त्यांचाही तोच. वीरप्पाबद्दल कुणी लिहावं असं काही घडायचं कारणच नव्हतं. अठ्ठावन्न साली किल्ल्यात सिनेमावाले आले, म्हणून घडलं.

सिनेमावाले म्हणजे पाच माणसं, एक कॅमेरा आणि एक खिळखिळी गाडी. त्यांचे म्होरके पुण्याचे वसंतराव. सरकारसाठी दहा-दहा मिनिटांच्या फिल्मा काढायचे. बांध घाला, पाणी स्वच्छ ठेवा, असल्या. मी तेव्हा विकास गटात मुख्य सेविका होते. हैदराबादेहून बी.ए. होऊन आलेली, सव्वीस वर्षांची, आणि आपल्याला सगळं कळतं अशी पक्की खात्री असलेली. त्यांची व्यवस्था माझ्याकडे होती.

उन्हाचा उजेड माणसाच्या तोंडावर वळवायला त्यांच्याकडे चंदेरी कागद लावलेले फळे होते. खडकाळ रस्त्यानं आदळत आले ते फाटून. वसंतराव डोक्याला हात लावून बसले. तेवढ्यात वीरप्पा चहाचं पातेलं कल्हई करून घेऊन आला. त्यानं फळे पाहिले आणि हसला.

"कागुद कशाला, साहेब? सकाळी बघा."

सकाळी तो तांब्याचा पत्रा घेऊन आला. ठोकून सपाट केलेला, वरून कथील. त्यानं तो उन्हात तिरका धरला. वसंतरावांनी कॅमेऱ्याला डोळा लावला.

"अरे, हा उजेड डोळ्यांना टोचत नाही."

"टोचंल कसा? कथील हाय ते. आरसा न्हाय."

मग वसंतरावांनी त्याला कॅमेऱ्यातून बघायला दिलं. बघून आला आणि दिवसभर पत्रा तिरका करकरून बघत राहिला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "बाई, म्या इतकी वर्सं भांड्याला उजेड दिला. माणसाला बी देता येतो, हे कुणी सांगितलंच न्हाय."

झालं. पुढं वसंतरावांची गाडी जिल्ह्यात आली की वीरप्पा पत्रा खांद्यावर टाकून हजर. बाजारात उभा राहून म्हाताऱ्यांच्या तोंडावर ऊन कुठून पडतं ते बघायचा. सुपारी घेणाऱ्याला म्हणायचा, "जरा उगवतीकडं व्हा." लोक हसायचे. बाप चिडायचा: "भाता थंड पडलाय आन ह्यो सूर्य घेऊन हिंडतोय!"

पुढच्या वर्षी विहिरीच्या पाण्याची फिल्म होती. पाणी शेंदणारी बाई हवी होती. गावातल्या बाया कॅमेरा बघितला की हसत पळायच्या. शेवटी वीरप्पा स्वतःच्या बायकोला, रुद्रम्माला घेऊन आला. सावळी, रुंद कपाळाची, कमी बोलणारी. सुनेचं काय करतात ते बघायला पाठोपाठ गुरुसिद्धप्पा काठी टेकत आले आणि विहिरीच्या कठड्याशी उभे राहिले.

वसंतराव म्हणाले, "बाई, कळशी वर घ्या आणि उजेडाकडं बघा."

उजेड कोण धरून उभा? नवरा. सासऱ्यासमोर नवऱ्याच्या तोंडाकडं कशी बघणार? कॅमेरा सुरू झाला, तिनं कळशी उचलली आणि पदर हनुवटीपर्यंत ओढून घेतला.

कडेला उभी असलेली शेजारची गजराबाई ओरडली, "अगं, नवराच हाय त्यो, वाघ न्हाय!"

"मामंजी हायेत," पदरातून आवाज आला.

मी गाडीच्या ड्रायव्हरला खूण केली. त्यानं म्हाताऱ्याला चहाला नेलं. पुन्हा कॅमेरा सुरू झाला. या वेळी रुद्रम्मानं मान वर केली. कळशीतलं पाणी हिंदकळत होतं, त्याचा उजेड तिच्या हनुवटीवर हलत होता. पत्रा उन्हानं तापलेला, वीरप्पाची बोटं चुळबुळत होती, तेही तिनं पाहिलं. ती हसली आणि म्हणाली, "अवं, हात भाजतील की!"

आवाज धरायचं यंत्र त्यांच्याकडं नव्हतं. पण ते बोलणं ओठांवर दिसलं असतं.

संध्याकाळी वसंतरावांनी वही काढली. "दोन्ही शॉट चांगले आलेत, फिल्ममध्ये एकच बसेल. बाई, तुमच्या भागातलं खरं कुठलं?"

मी क्षणभरही विचार केला नाही. "पहिलं. आमच्या बायका चारचौघांत अशा मान वर करून हसत नाहीत. दुसरं नाटकी वाटेल."

डोळ्यांसमोर एक बाई मान वर करून हसली होती, आणि मी हे सांगत होते. वसंतरावांनी वहीत लिहून घेतलं. वीरप्पा लांब बसून पत्रा फडक्यानं पुसत होता. त्याला काही ऐकू गेलं नाही.

साठ साली तो वसंतरावांबरोबर आठ दिवस परंड्याला गेला. चौथ्या दिवशी रुद्रम्माला ताप भरला, सहाव्या दिवशी ती गेली. निरोप एसटीच्या कंडक्टरकडून पोचला. हा गावात आला तेव्हा माती होऊन गेली होती. गुरुसिद्धप्पा एवढंच म्हणाले, "आता दाव उजेड." बापानं असं बोलू नये. पण बोलले.

सहा महिन्यांनी मी त्याच्याकडं गेले. भट्टी पेटलेली होती, पत्रा भिंतीशी पालथा. म्हणाला, "बाई, तिचा चेहरा आठवंना. फोटू कधी काढलाच न्हाय. विहिरीवरची फिल्म कुठं लागंल?"

त्या वेळी थिएटरात मुख्य खेळाआधी सरकारी फिल्म दाखवायचे. वीरप्पा तुळजापूर, कळंब, परंडा, जिथं सिनेमाचा तंबू लागेल तिथं जायचा. तिकीट काढायचा, सरकारी फिल्म बघायचा आणि ती दुसरीच निघाली की उठून यायचा. असं वर्षभर चाललं. मला माहीत होतं की त्या फिल्ममध्ये काय आहे. मी सांगितलं नाही. वसंतरावांनी ऐन वेळी मत बदललं असेल, अशी माझी मीच समजूत घालत होते.

बासष्टच्या हिवाळ्यात धाराशिवच्या थिएटरला ती फिल्म आल्याचं कचेरीत कळलं. मीच त्याला पत्र टाकलं. तो दाढी करून, धुतलेला फेटा बांधून आला. तीनच्या खेळाला आम्ही शेजारी बसलो.

विहीर आली. कठड्यावर उजेड सरकत आला, तो त्यानं लगेच ओळखला; माझ्या कोपराला हात लावला. कळशी वर आली. आणि पदर हनुवटीपर्यंत खाली आला. मनात तीन आकडे मोजून होईपर्यंत तो पदर दिसला, मग विहिरीत औषध टाकणारा माणूस आला.

मुख्य खेळ सुरू झाला तरी वीरप्पा उठला नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, "दुसरा कुठं गेला? हसलेला?"

"घेतला नाही."

"कुणी?"

"मी. मला विचारलं होतं. मी पहिला सांगितला."

त्यानं डोक्यावरचा फेटा नीट केला. ओरडला असता तर बरं झालं असतं. मग म्हणाला, "पदरावर उजेड बरा पडलाय." आणि थोड्या वेळानं, "सहाच्या खेळाला बी हीच लागंल का?"

मी त्याला तिथंच सोडून एसटी पकडली. थांबायला हवं होतं. नाही थांबले.

वसंतरावांना पत्र लिहिलं. उत्तर आलं की टाकलेले तुकडे कुणी ठेवत नाही. फिल्मवर चांदी असते, ती काढून घ्यायला विकून टाकतात. वीरप्पाला पुन्हा यायचं असेल तर जागा आहे, असंही होतं.

मी नळदुर्गला जाऊन त्याला सगळं वाचून दाखवलं. दोन पातेली पुढ्यात होती. भिंतीशी पत्रा नव्हता. कापून कुणाच्या तरी घंगाळाला बूड लावलं होतं.

"जाणार का?" मी विचारलं.

त्यानं नकारार्थी मान हलवली. एक पातेलं पुढं ओढून म्हणाला, "चांदी व्हय? मंग कुणाच्या तरी ताटाला लागली आसंल."

आणि भाता ओढायला लागला.