बोंबलाच्या दोरीवरचा फुगा

माझे काका हिरामण कोळी घणसोलीचे, पण आठवडाभर मुंबईला राहायचे ते एका पारशी शेठची शर्यतीची बोट सांभाळायला. बोट घासायची, शिडं वाळवायची, रविवारी शेठला आणि त्याच्या दोस्तांना शर्यतीवर सोडायचं आणि आपण धक्क्यावर विडी ओढत बसायचं. गावात मात्र थाट असा, की शर्यत तेच मारतात. गोजराकाकी मुद्दाम विचारायची, "शेठ तुना बोटीन बसू देतो कं?" मग काकांना नेमका खोकला यायचा.

बासष्ट सालच्या थंडीत शेठने एक नवं शीड आणलं, वारा पाठीवर असताना लावायचं. छत्रीसारखं फुगतं म्हणून काका त्याला फुगाच म्हणत. खालच्या दोन्ही कोपऱ्यांना एकेक दोर. फुगा उभा राहणार की पडणार, ते त्या दोरांवर. शेठने अंगठ्याएवढा जाड दोर घेतला. महाग होता, म्हणजे चांगला असणारच. शनिवारी सरावाला वारा मंद होता. दोर भिजून जड झाला आणि त्याच्या वजनाने फुगा ओल्या धोतरासारखा लोंबला.

संध्याकाळी काका होडीने घणसोलीला घरी आले आणि परसातली बोंबील वाळवायची बारीक नायलॉनची दोरी सोडायला लागले.

"मंग बोंबील कुठं घालू? तुज्या डोक्यावर?" काकी कडाडली.

"नवी नायलॉन तानली की वाढते. हिनं दोन वरसं ओले बोंबील पेललेत. हिचा वाढायचा तेवढा वाढून झालाय."

"तुज्या घरान येऊन माजा पन तसाच झालाय," काकी म्हणाली, पण दुसऱ्या टोकाची गाठ तिनेच सोडली.

रविवारी सकाळी परत धक्क्यावर येऊन काकांनी दोरीचे दोन तुकडे करून फुग्याच्या कोपऱ्यांना बांधले आणि डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या ताणांच्या बाहेरून मागे आणले. आतून नेले की शीड फुगायच्या आधीच गुंततं, हे शेठचे दोस्त दर दुसऱ्या रविवारी विसरत.

"अरे हिरामन, हे सुतळी हाय काय? आणि वास कसला मारते?" शेठने नाक धरलं.

"बोंबलाचा. पन हलकी हाय, पानी पीत नाय. वारा वाढला तर लावू तुमचा जाड दोर."

धक्क्याजवळच फुगा वर चढवून पाहिला. एका झुळकीत टम्म उभा राहिला. शेठने खूश होऊन हात पुढे केला, "दे इकडे."

काकांनी मूठ सोडली नाही. "दोरी माजी हाय, शेठ. धरनारा हात पन माजाच पायजे."

शेठने दोस्तांकडे पाहिलं. ती वासाची दोरी धरायला एकही पुढे येईना. शेवटी एक जण आपण होऊन धक्क्यावर उतरला आणि त्याच्या जागी काका बसले.

शर्यतीत काकांची नजर फुग्याच्या कडेवरच. कड मुरडली की दोरी वीतभर ओढायची, सरळ झाली की हळूच सैल. मागे सुकाणूवर शेठचं सुरूच, "खेच! सोड! अरे, खेच!"

तिसऱ्या वेळी काका वळूनही न बघता म्हणाले, "शेठ, जरा गप ऱ्हावा. शीड सांगतंय मना."

शेठने दोन्ही हात सुकाणूवर ठेवले. पुढच्या दोन बोटी मागे पडल्या तेव्हा त्यानेच हळू विचारलं, "हिरामन, आता काय सांगते शीड?"