पडद्यामागची चीर

“शेपटीला चीर पाडल्याबिगर म्हावरा बर्फात ठेवायचा नाय; नायतर आपलं पापलेट दुसऱ्याच्या कालवनात शिजतं,” असं रोहिदास लग्नाच्या नव्या नवलाईत चंदाला म्हणाला होता.

बंदरावर सगळ्यांची मासळी एकाच बर्फपेटीत. तिथे ते ठीक होतं. पण जुईनगरच्या फ्लॅटमध्येही त्याच्या छत्रीला, चपलांना, गॅसच्या सिलिंडरला चीर होती. या संशयातून सुटका होती ती एकट्या हरेशची. शिरवण्यात ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा हरेश शाळेपासूनचा दोस्त; या घरात न विचारता फ्रिज उघडणारा.

रोहिदासने हौसेने जुने विलायती स्पीकर घेतले, कपाटाएवढे. घरातला ॲम्प्लिफायर त्यांच्यापुढे धापा टाकायचा. हरेशने त्यांना पेलणारा दणकट आणून लावला, आणि गाण्यातली बाई जणू दोन पेट्यांच्या बरोबर मध्ये येऊन उभी राहिली.

“अगदी तळाचा खर्ज तेवढा राहिला. त्याला वेगळी पेटी लागते, सबवूफर. देतो,” हरेश म्हणाला. “पन हलका ठेवायचा. हळदीचा डीजे नको करू.”

हरेश सबवूफर जोडायला आला तेव्हा रोहिदास बाजारात होता आणि लाईट गेलेली. तारा जोडून, चहा पिऊन, वाजवून न बघताच तो गेला.

संध्याकाळी रोहिदासने गाणं लावलं तर कोपऱ्यात सबवूफर एकटाच घुमत होता. स्पीकरांचा खर्ज मेलेला, बाईचा आवाज खोलीभर पांगलेला.

“तू चहा करत होतीस तवा त्याची पिशवी केवढी होती गं?” रोहिदासने हळूच विचारलं.

मोठी होती. चंदाला ते आठवलं, आणि आठवलं याचीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याने हरेशला बोलावून घेतलं. “पेट्या खोल. चंदासमोर. आतले विलायती पडदे पिशवीत घालून नेलेस तू, नकली बसवलेस.”

हरेश हसला. मग हसायचा थांबला. त्याने स्क्रू काढून दोन्ही स्पीकरचे कागदी पडदे बाहेर ओढले. प्रत्येकाच्या पाठीवर एक लाल रेघ होती. चंदाने रंग ओळखला. हीच नेलपॉलिश हरवली म्हणून तिने मोलकरणीला बोल लावला होता.

“पडदे तुझेच हायेत,” हरेश म्हणाला. “पन या एकाच्या आतल्या तारा परत बसवताना उलट्या लागल्यात. हा पुढे ढकलतो तवा तो मागे ओढतो. खर्ज मधल्यामधी मरतो. मी तर पेट्या उघडल्याच नव्हत्या, रोहिदास. म्हंजे मी यायच्या आधीच तू पडदे काढून चीर पाडून ठेवलीस. माझ्यासाठी.”

त्याने तारा सुलट केल्या, गाणं लावलं. बाई मधोमध परत आली.

“भावजी, चहा ठेवू?”

“नको वहिनी. हे आधी बघून घ्या.” हरेशने पिशवी फरशीवर उलटी केली. पक्कड, डाग देण्याचं कथील, फडकं.

गाणं चालूच होतं. रोहिदासने दारातल्या चीर पाडलेल्या चपला पायांत सरकवल्या आणि तो बाहेर पडला.