देवाची जास्वंद आणि सरूची पाखरं

देवाला फुलं वाहून कुणी तोंडघशी पडल्याचं ऐकलंय का राव? मी पडलोय. घ्या चहा, सांगतो.

पिंपरीत तेव्हा कारखाना नवा, कॉलनी नवी आणि आमचं लग्नही नवंच. क्वार्टरपुढं हातभर अंगण. तिथं बायकोनं, आमच्या सरूनं, माहेरची जास्वंदीची फांदी आणून लावली. झाड असं फोफावलं की अंगण लालभडक. त्यावर फुलचुख्या यायच्या. अंगठ्याएवढं पाखरू, उन्हात निळं चमकायचं, बाकदार चोच फुलात खुपसून मध ओढायचं. सरू चूल सोडून बघत बसायची. भाकरी करपायची, पण बोलायची सोय नव्हती.

संक्रांत झाली अन् ती पहिल्या बाळंतपणाला चाकणपलीकडं माहेरी निघाली. जाताना म्हणाली, "अवो, माझ्या पाखरांकडं बघा. आल्यावर दिसली न्हाईत, तर बाळाला घेऊन माघारी जाईन."

गमतीनं म्हणाली असेल. पण माझ्या मनात ते घर करून बसलं.

ती गेली आणि घर खायला उठलं. तुम्ही म्हणाल, चाकण काय लांब, सायकल मारायची. मारायची कशी? जावई सारखा सासुरवाडीला दिसला की मेव्हणे चावडीवर टिंगल करतात. मग काय, गणपतीला बोललो, "सरू सुखरूप सुटू दे, लवकर घरी येऊ दे. दारची सगळी जास्वंद रोज तुला."

आणि शब्द पाळला हो. कारखान्याच्या भोंग्याआधी उठायचो, एक फूल ठेवायचो नाही. मुलगी झाली, दोघी ठणठणीत, असा निरोप आला. मग तर मला दम निघेना. आठवण फारच आली की उमलायला आलेल्या कळ्यासुद्धा देव्हाऱ्यात जायच्या.

इकडं फुलचुख्या दिसेनात.

माझा संशय थेट शेजारच्या सावंतांच्या बोक्यावर. सावंत कोकणातले, माझ्याच शिफ्टचे. कुंपणावरूनच आवाज चढवला, "सावंत, तुमच्या बोक्यानं आमची पाखरं खाल्ली."

"कोणी, ह्याने? अहो, म्हातारा झालाय तो. उंदीर समोरून आला तर बाजूला होऊन वाट देतो."

"तरी बांधा त्याला."

बिचाऱ्यांनी बांधला. पाखरं काही आली नाहीत. मग मी झाडाखाली वाटीत गुळाचं पाणी ठेवलं. त्यावर मुंग्यांची जत्रा भरली आणि रांग थेट सावंतांच्या दुधाच्या पातेल्यापर्यंत गेली. सावंत माझ्याशी बोलायचे बंद झाले.

अक्षय्य तृतीयेच्या आधी सरू टांग्यातून उतरली. भाकरतुकडा ओवाळून झाला, आणि लेकीला छातीशी धरून ती तडक जास्वंदीपाशी. मी मागं चोरासारखा उभा.

"झाडाला एक फूल न्हाई ते?"

"येतात की. पहाटे देवाला वाहतो. तू लवकर यावीस म्हणून."

"रोज?"

"व्हय."

"समदी?"

"एकूण एक. कळ्यासुद्धा."

"मग पाखरांनी खायचं काय?"

खरं सांगतो, शेतकऱ्याचं पोर मी, सगळं लहानपण रानात गेलं, पण एवढी साधी गोष्ट डोक्यात शिरली नव्हती. कुंपणापलीकडं सावंत ऐकत होते. इतक्या दिवसांचा अबोला सोडून ते पोट धरून हसत सुटले.

सरू मात्र हसेना. नुसतीच त्या बोडक्या झाडाकडं बघत राहिली. टांगा अजून नाक्यावर दिसत होता. मला वाटलं, आता हाक मारून त्याला परत बोलावते. मी काकुळतीला आलो.

"सरू, तुझ्या आठवणीनं जीव जात होता गं. मी दुसरं काय करणार हुतो?"

तिनं लेक माझ्या हातात दिली, पदरानं डोळे टिपले आणि म्हणाली, "अवो, जरा बेतानं काढायची हुती आठवण. दोन फुलं तरी ऱ्हायली असती."