मामाची पाच भांडी

हात मांडीवर असला की मला काही आजार आहे हे कुणाला सांगून खरं वाटणार नाही. तिथे तो निवांत पडून असतो, पेन्शन लागल्यासारखा. पण एखादी वस्तू घ्यायला निघाला, की ती जसजशी जवळ येते तसतसा बिथरतो. दाराच्या कडीपासून वीतभर अंतरावर त्याचा सगळ्यात मोठा तमाशा असतो. चहाचा कप, शर्टाची गुंडी, लाइटचं बटण, सगळ्यांशी त्याचं वाकडं आहे.

मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की नसांवरचं वेष्टण जागोजागी खराब होतं आणि मेंदूचा निरोप नीट पोचत नाही. वायरवरचं प्लास्टिक निघाल्यासारखं. मी म्हणालो, मग टेप मारा. ते हसले, मीही हसलो. बाहेर येऊन रिक्षात बसलो आणि घरी, मुकुंदवाडीला पोचेपर्यंत रडलो. रिक्षावाल्याने दोनदा आरशातून बघितलं, पण विचारलं नाही. त्याचे मी मनोमन आभार मानले.

माझं काम हाताचं होतं. गुलमंडीवर एका भांड्यांच्या दुकानात सतरा वर्षं मी भांड्यांवर नावं टाकत होतो. दुकानाच्या तोंडाशी एक स्टूल, पायाशी वायर आणि हातात जाड पेनासारखं मशीन. चालू केलं की ते घर्रर्र करत थरथरतं आणि त्याचं टोक स्टीलवर बारीक टिंबं उमटवत जातं. टिंबांची रेघ होते, रेघांचं अक्षर. लग्नाचा आहेर, वास्तुशांत, बारसं, तेराव्याची भांडी, सगळी माझ्यासमोरून जायची. माझ्या अक्षरासाठी लोक छावणीतून आणि हर्सूलहून यायचे, हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही; म्हणजे थोडं फुशारकी म्हणूनच सांगतो. कुठे पाहुणा म्हणून गेलो आणि पाण्याचा तांब्या पुढे आला, की त्याच्या काठावर माझंच अक्षर निघायचं. निम्म्या शहराच्या फडताळात मी होतो.

आजार लागल्यावरही दीड-दोन वर्षं कुणाला पत्ता लागला नाही, कारण मशीनच थरथरतं. ते चालू असलं की त्याचं हलणं कुठलं आणि माझं कुठलं, कोण वेगळं काढणार? चुगली केली ती अक्षरांनी. वेलांट्या फाटायला लागल्या, काने तिरपे जायला लागले. एका बाईंनी ताटावरून अंगठा फिरवला आणि मालकांना हळू आवाजात विचारलं, हे सकाळीच घेऊन येतात का. मला ऐकू आलं. मी आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्लेली नाही. मी उठून त्यांना चार शब्द सुनावले आणि मालकांनी मला आत नेऊन पाणी पाजलं. त्या ग्लासातलं निम्मं पाणी माझ्या शर्टावर गेलं, तेव्हा मालकांना सगळं कळलं.

माणूस चांगला. त्यांनी मला पॅकिंगला बसवलं, मग गल्ल्याशेजारी नुसतंच बसवलं. पुढे कॉम्प्युटरवर नाव टाकायचं मशीन आलं आणि माझं जुनं मशीन त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्याच हातात दिलं. ठेवा तुमच्याकडे, म्हणाले. मी पुन्हा दुकानात गेलो नाही.

मुकुंदवाडीला स्टेशनच्या अलीकडे माझी एक खोली आहे. लग्न झालं नाही. बघण्याचं चाललं होतं तेव्हाच हे उपटलं, आणि मी ते बोलणं बंद करून टाकलं. आईवडील गेले. खोलीतली बरीचशी भांडी दुकानात नावाखालची तारीख चुकीची पडल्यामुळे गिऱ्हाइकाने न घेतलेली आहेत. त्यामुळे मी रोज कुणाच्या तरी वास्तुशांतीच्या ताटात जेवतो आणि कुणाच्या तरी बारशाच्या वाटीत दही घेतो. चारचौघांत जेवणं मी सोडलं आहे. घास तोंडापाशी आला की हात हुकतो, मग समोरचा माणूस मुद्दाम दुसरीकडे बघतो, आणि ते न बघणं मला सहन होत नाही. मला एकटं वाटतं. फार वाटतं. ते आडून सांगण्यात काही अर्थ नाही.

गेल्या फाल्गुनात धाकट्या बहिणीचा फोन आला. ती सिल्लोडच्या बाजूला एका गावात दिली आहे. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. माझी ती एकुलती एक भाची. बहिणीने दोन गोष्टी मागितल्या. मामाची म्हणून जी पाच भांडी द्यायची, त्यांवर नाव माझ्या हातचं पाहिजे. आणि मंगलाष्टकांच्या वेळी भाचीच्या मागे मी उभं राहायचं. आमच्याकडे नवरदेवाच्या मागे त्याचा मामा उभा राहतो, नवरीच्या मागे तिचा. खांद्यावर हात ठेवायचा, बस. एवढंच काम असतं मामाला.

मला नसांचं काहीतरी झालंय एवढंच बहिणीला माहीत होतं. ती आली की मी हात मांडीवर ठेवून बसायचो आणि चहा तिलाच करायला लावायचो. फोनवर तर आवाज स्पष्ट. मी भांड्यांना हो म्हणालो. उभं राहण्याबद्दल बघू म्हणालो.

भांड्यांना हो म्हणायला एक कारण होतं. आदल्या उन्हाळ्यात स्टेशनच्या रस्त्यावरच्या रसवंतीवर माझ्या मनगटावर शेजारी बसलेल्या माणसाच्या हातचा, टपरीवरून आणलेला गरम चहा सांडला. रसवंतीवाल्याने माझा हात धरून सरळ बर्फाच्या टपात घातला, कोपरापर्यंत. बराच वेळ तो सोडेचना. नंतर मी रसाचा ग्लास उचलला आणि प्यायलो. ग्लास खाली ठेवल्यावर लक्षात आलं की एक थेंब सांडला नाही. पंधरा-वीस मिनिटं हात माझं ऐकत होता, मग पुन्हा सुरू. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, काहींना गारव्याने तेवढ्यापुरता आराम पडतो, तो इलाज नव्हे. मला इलाज नकोच होता. मला वीस मिनिटं पुरेशी होती.

परात, कळशी, ताट, डबा आणि तांब्या. रोज एक, असं ठरवलं. चैत्रातलं ऊन तापायच्या आत रसवंतीवर जाऊन बर्फाचा तुकडा आणायचा, बादलीत फोडून टाकायचा, हात कोपरापर्यंत बुडवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायचं. आधी झोंबतं, मग दुखतं, मग हात आपला राहतच नाही. मग तो पुसून कोरडा करायचा आणि मशीन धरायचं. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, त्यामुळे बादलीतलं पाणी फेकायची सोय नव्हती. बर्फ वितळला की त्याच पाण्यात धुणं. त्या दिवसांत माझे कपडे फार गार धुतले गेले.

पहिल्या दिवशी परातीवर भाचीचं नाव, लग्नाची तारीख आणि खाली ‘मामाकडून’ एवढं टाकून झालं आणि मी मशीन बंद केलं. जुनं अक्षर जसंच्या तसं आलं होतं. ते दाखवायला खोलीत कुणी नव्हतं. मी परात भिंतीला टेकवून ठेवली आणि समोर बसून जेवलो.

तिसऱ्या दिवशी रसवंतीवाल्याने विचारलं, घरी पाहुणे आलेत काय. मी हो म्हणालो. लांबून आलेत, म्हणालो. चौथ्या दिवशी त्याने बर्फासोबत पुदिन्याची जुडीही बांधून दिली, पाहुण्यांच्या सरबतासाठी. पाचव्या दिवशी तांब्या घेतला आणि हाताने दगा दिला. ऊन फार होतं की मी घाई केली, कोण जाणे. ‘मामाकडून’ अर्ध्यात आलं आणि टोक सुटून थेट काठापर्यंत ओरखडत गेलं. मी नवा तांब्या आणला आणि सहाव्या दिवशी पुन्हा बर्फाला गेलो.

“पाहुणे लई दिवस राह्यले, व्हय?” रसवंतीवाला म्हणाला.

उद्या जाणार आहेत, असं मी सांगितलं. सांगताना मलाच वाटलं, खरंच कुणी जाणार आहे.

सहाव्या दिवशीचा तांब्या साधला. बहिणीचे दीर जीप घेऊन शहरात आले होते, त्यांच्याबरोबर पाचही भांडी पाठवली. बिघडलेला तांब्या पलंगाखाली सरकवला. मग बहिणीला फोन केला, की डॉक्टरांनी उन्हात जायला मनाई केली आहे, मुहूर्त भर दुपारचा आहे, मला जमणार नाही. उन्हाने त्रास वाढतो हे खरं होतं. पण मी गेलो नाही ते उन्हामुळे नाही. सगळा मांडव समोर बसलेला, अक्षता हातात घेऊन, आणि माझा हात भाचीच्या खांद्याकडे निघालेला. तो तिथे कसा पोचेल ते मी मनात पन्नास वेळा बघितलं होतं. उभ्याने पायही हाताच्या नादी लागतात. मी स्वतःच्या जागी अक्षर पाठवलं. मला वाटलं, तेवढं पुरेल.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला. आवाज कोरडा होता. भांडी सगळ्यांनी बघितली, तिच्या नणंदेने तर परात हातात घेऊन चारचौघींत फिरवली आणि म्हणाली, अक्षर कसं मोत्यासारखं आहे, मग मामाला झालंय तरी काय?

“अक्षर तर पहिल्यापरीस भारी आलंय, दादा. मग तू आला का न्हाईस?”

मला राग आला. माझं दुखणं मला माहीत, असं म्हणून मी फोन बंद करायला गेलो. पण लाल बटणावर बोट काही टेकेना. एकदा स्पीकर लागला, एकदा आवाजच वाढला. रागाने फोन आपटावा तर तोही माझाच. शेवटी तिनेच ठेवला.

त्यानंतर महिनाभर फोन नाही. तिचा नाही, माझाही नाही. आठवड्यातून एक फोन यायचा, तो बंद झाल्यावर कळलं की बाकीचे सहा दिवस मी त्याच्यावरच काढत होतो. दुपारी स्टेशनात गाडी थांबायची, माणसं उतरायची, आपापल्या घरी जायची. मी खिडकीतून मोजायचो.

एक दिवस पलंगाखालून तो बिघडलेला तांब्या काढला. पुसला. तो ओरखडा अंगठ्याने चाचपून बघितला. त्यालाच वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि सिल्लोडकडे जाणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे दिला. सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही.

दोन दिवसांनी फोन वाजला. हा तांब्या कधीचा, बहिणीने विचारलं. मी सांगितलं, पाचव्या दिवशीचा. मग सगळंच सांगितलं. बर्फ, बादली, वीस मिनिटं, रसवंतीवाल्याचे पाहुणे. जेवताना घास कुठे जातो तेही सांगितलं.

मग ती म्हणाली, “आमी काय तुझ्या अक्षराला बोलावलं होतं व्हय, दादा?”

मी विचारलं, पोरीच्या मागे कोण उभं राहिलं. इतके दिवस तेच विचारायचं होतं आणि तेच विचारवत नव्हतं. कुणी नाही, ती म्हणाली. आमचा एक चुलतभाऊ पुढे झाला होता, पण पोरीने त्याला हात जोडले. माझा मामा आहे, म्हणाली.

संध्याकाळी बहिणीने फोटो पाठवला. फोन हातात धरून बघता येत नाही, म्हणून तो पलंगावर ठेवला आणि वाकून बघितला. नवरदेवाच्या मागे त्याचा मामा फेटा बांधून उभा होता, खांद्यावर हात ठेवून. आजूबाजूला बायका, पोरं, भटजी, सगळे एकमेकांना चिकटून दाटीवाटीने उभे होते. भाचीच्या मागे मात्र एक माणूस उभा राहील एवढी जागा सोडलेली होती.