व्याह्याचा रबरी जोडा

डोंगरातल्या बर्फाळ नारिन गावाच्या वरच्या गल्लीत कुणाचा घर तापवायचा बॉयलर गळायला लागला की लोक आधी तोलोगोनला हाक मारत, मग देवाला. तोलोगोनला हा क्रम मान्य होता. त्याच्या स्वतःच्या घरी मात्र बॉयलरच्या पंपाचा सांधा मागल्या हिवाळ्यापासून टिपटिपत होता. खाली एक चहाचा वाडगा ठेवलेला, आणि तो भरला की ओतायचं काम बायकोचं. "आज बघतोच," हे त्याचं वाक्य त्या वाडग्याइतकंच जुनं.

त्यात लेकीचं, आयझिरेकचं, लग्न ठरलं. सोयरीक पक्की म्हणून तिच्या कानात डूल घालायला मुलाकडचे भर जानेवारीत येणार होते. व्याही ओस्मोनकुल मेंढरंवाला माणूस, कुणी बोललेला शब्द विसरायचा नाही. आणि तोलोगोनने त्याला बाजारात चारचौघांत सांगून ठेवलेलं, "व्याहीबुवा, माझ्या घरी जानेवारीत कोट काढून नुसत्या सदऱ्यावर बसाल. नाही बसलात तर मला कारागीर म्हणू नका."

त्या सकाळी, निदान आज तरी वाडगा दिसायला नको म्हणून त्याने पाना लावून सांधा आणखी थोडा पिळला. जुन्या वायसरने तेवढ्यात प्राण सोडला. पाण्याची चिळकांडी थेट त्याच्या ठेवणीतल्या सदऱ्यावर. त्याने पंपाच्या दोन्हीकडच्या चाव्या बंद केल्या, निखारे बाहेर ओढले आणि डबा धुंडाळला. वायसर एकही नाही, शेवटचा शेजाऱ्याकडे बसवलेला. तोच दारात मोटार थांबली.

पाहुण्यांनी चामडी मोज्यांवरचे रबरी जोडे दाराशी काढले आणि गाद्यांवर बसले. कोट मात्र कुणी काढेना. विहीणबाईंनी गरम वाडगा दोन्ही हातांत धरला होता, तो काही पिण्यासाठी नव्हे.

"घर हवेशीर आहे," ओस्मोनकुल म्हणाला.

"तापतंय, तापतंय," झूरा म्हणाली. ही तोलोगोनची थोरली भावजय. हिची जीभ चालू असेपर्यंत कुणी गोठून मरायचं नाही. पण तीही हळूच उठून बॉयलरच्या खोलीत डोकावली. "भाऊजी, लेकीच्या कानात डूल पडायच्या आत विहिणीच्या नाकाला बर्फ लटकेल हो."

"रबर हवंय, वहिनी. एवढंसं."

दाराशी अंधार होता. तोलोगोनने चाचपून आपला जुना रबरी जोडा म्हणून एक उचलला, टाचेतून चकती कापली, मधे भोक पाडलं आणि सांध्यात बसवली. चाव्या उघडल्या, कोळसा पेटवला. सांध्याखालून बोट फिरवलं. कोरडं.

बेशबर्माकचं, मटण घातलेल्या शेवयांचं, ताट येईतो ओस्मोनकुलची टोपी उतरली. मग कोट, मग जाकीट. आयझिरेकच्या कानात डूल चमकले तेव्हा व्याही सदऱ्यावर बसून घाम पुसत होता, आणि तोलोगोन दर दोन घासांनी त्या सदऱ्याकडे बघून घेत होता.

निघताना ओस्मोनकुलने जोड्यात पाय घातला, काढला, जोडा दिव्यापुढे धरला आणि टाचेच्या भोकातून तोलोगोनकडे बघितलं.

तोलोगोनने खाली बघितलं. त्याचा जुना जोडा शेजारीच सुखरूप उभा होता. पाहुण्याचं पायताण कापणं म्हणजे सोयरीकच कापणं. आयझिरेकचा हात आपसूक डुलाकडे गेला.

"असं काय बघता, व्याहीबुवा?" झूरा पुढे झाली. "व्याह्याची खोडी काढल्याशिवाय सोयरीक पक्की होते का कुठं? माझ्या बहिणीने तर व्याह्याचा कोट गादीला शिवला होता. मला शिवण येत नाही, म्हणून कापलं."

खोडीवर रागावणाऱ्या व्याह्याला गाव वर्षभर हसतं, हे ओस्मोनकुललाही ठाऊक होतं.

"खोडी असेल तर असू दे," तो म्हणाला. "कापलेला तुकडा कुठाय?"

झूराने तोलोगोनला पुढे ढकललं. तोलोगोन त्याला बॉयलरपाशी घेऊन गेला आणि सांधा दाखवला. ओस्मोनकुलने खालून बोट फिरवलं.

"नवाकोरा होता जोडा."

"म्हणूनच गळत नाही," तोलोगोनच्या तोंडून निघून गेलं.

ओस्मोनकुल असा हसला की बाहेर विहीणबाई दचकल्या. "म्हणजे मी सदऱ्यावर बसलो तो माझ्याच जोड्याच्या जिवावर."

"पण कारागीर मीच ना?"

"तुम्हीच. हा दुसराही ठेवून घ्या. लग्नाला सगळं गाव घेऊन येणार आहे, घर तापलेलं हवं."

यजमानांनी दिलेला मानाचा नवा अंगरखा खांद्यावर आणि तोलोगोनचे जुने जोडे पायांत, अशा थाटात व्याही मोटारीत बसला.

रात्रीच्या चहाला बायकोने तोलोगोनपुढे एक घासूनपुसून लख्ख केलेला वाडगा ठेवला. त्याने तो ओळखला.

"यात?"

"आता रिकामाच असतो," ती म्हणाली आणि काठोकाठ ओतला.