समुद्रकिनारी कूलर

मस्कतच्या विमानतळावर कस्टमवाल्याने बाबांची बॅग उघडली तेव्हा आत कपडे नावापुरतेच होते. वर एक पाण्याचा पंप, त्याखाली जुन्या लुंगीत गुंडाळलेली पंख्याची मोटर, आणि उरलेल्या जागेत दाबून दाबून भरलेलं वाळ्याचं गवत. मी शेजारीच उभी होते. या माणसाशी ओळख दाखवावी की नाही, याचा विचार करत होते.

"ये क्या है, चाचा?" कस्टमवाल्याने विचारलं. तिकडच्या बऱ्याच लोकांना हिंदी येते, आपल्यापेक्षा बरी येते.

"घास है," बाबा म्हणाले. "ठंडी हवा के वास्ते. इसपे पानी छोडा का बम ठंडा होता."

त्याने मूठभर गवत उचललं आणि नाकाला लावलं. पुन्हा लावलं. मग पलीकडच्या माणसाला हाक मारून त्यालाही वास दिला. दोघं आपसात काहीतरी अरबीत बोलले, गवत परत कोंबलं आणि हसून जायला सांगितलं.

"पाय बरं पोरी," ट्रॉली ढकलताना बाबा मला म्हणाले, "मानसं चांगली हाय इथली. एसीनं बिघडली, तेवढंच."

मी माहेरची अकोल्याची, सासरची अमरावतीची, आणि नवऱ्याच्या नोकरीपायी बरीच वर्षं मस्कतची. मस्कतमध्ये माझं बरं चाललं होतं. हळदीकुंकवाला यायला बायका होत्या, पोहे मिळत होते, भांडायला भाजीवाला होता. मग कंपनीने नवऱ्याला सूरच्या खताच्या कारखान्यात पाठवलं. सूर म्हणजे समुद्रकाठचं निवांत गाव. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि मध्ये दुपारभर बंद असणारी दुकानं. रस्त्यावर बकऱ्या, त्याही आवाज न करणाऱ्या. मी अकोल्याच्या भर बाजारातल्या गल्लीत वाढलेली बाई. इतकी शांतता मला फक्त परीक्षेच्या हॉलमध्ये माहीत होती. पहिल्या आठवड्यात मी खिडकी उघडायची, काही ऐकू येत नाही म्हणून वैतागायची आणि नवऱ्याशी भांडण काढायची, म्हणजे निदान घरात तरी आवाज होईल.

नातेवाइकांना मात्र फार कौतुक. समुद्र म्हटल्यावर सगळे आम्हाला रोज मासे खाणारे समजायला लागले. आम्ही मेथी शोधत फिरत होतो.

बाबांना आणायचं ठरलं ते त्यांच्या पडण्यामुळे. आई गेल्यापासून ते अकोल्यात एकटेच राहत होते. आयुष्यभर कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये फिटर होते, त्यामुळे कुठलंही यंत्र त्यांना वश, आणि कूलर तर दैवत. होळी झाली की ते कूलर अंगणात काढायचे, खरवडायचे, हिरवा रंग मारायचे, जाळ्यांत नवा वाळा भरायचे. गल्लीतली पोरं बघायला उभी राहायची. मात्र एकदा कूलर खिडकीत बसला की बाबांचं काम संपलं. पुढे उन्हाळाभर त्यात पाणी टाकायचं काम आईचं. दुपारी पंप खरखरायला लागला की बाबा डोळेसुद्धा न उघडता आवाज द्यायचे, "अवं, पानी टाक न." आई हातातलं काम टाकून, तोंडाने कूलरचा, कारखान्याचा आणि अकोल्याचा उद्धार करत बादली घेऊन यायची.

आई नसलेल्या पहिल्याच उन्हाळ्यात बाबा बादली उचलताना चक्कर येऊन पडले. शेजाऱ्यांनी पाहिलं म्हणून बरं. मला फोन आला तेव्हा मी सूरच्या त्या शांत घरात उभी होते आणि पहिल्यांदाच ती शांतता मला खायला उठली. मी अकोल्याला गेले आणि सांगितलं की आता चला, एकटं ठेवणार नाही.

बाबांनी अट घातली. "एक उन्हाया पायतो. जमलं तं राहतो. नाई जमलं तं मले अकोल्याले आनून सोडशीन. मंग पुन्हा नाव काढाचं नाई."

मी कबूल केलं. दुसरा इलाज नव्हता. त्या क्षणापासून माझा सगळा जीव त्या एका उन्हाळ्यात अडकला.

मस्कत ते सूर हा रस्ता म्हणजे अकोल्याहून नागपूरला जाण्यासारखाच, फक्त मध्ये मूर्तिजापूर नाही, बडनेरा नाही, नुसते डोंगर. बाबा वाटभर चहा कुठे मिळतो ते विचारत होते. घरी पोचल्यावर त्यांनी समुद्राकडे एकदा पाहिलं. आमची दहा वर्षांची लेक मोठ्या आशेने त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"भल्लं पानी हाय," ते म्हणाले. "अन् पेता येत नाई. काय कामाचं?"

खोलीत एसी होता. त्याने बाबांचे गुडघे आखडत होते. निदान ते तसं म्हणत होते. आठवड्याभरात त्यांनी एका पत्र्याच्या दुकानातून हव्या त्या मापाची पेटी बनवून आणली, मोटर बसवली, पंप सोडला, वाळा भरला. रंगसुद्धा तोच, अकोल्याचा हिरवा.

माझा नवरा केमिकल इंजिनियर. त्याला गप्प बसवेना. "बाबा, इथल्या हवेत आधीच इतकं पाणी आहे. ती अजून किती पिणार? कोरड्या हवेतच कूलर गार करतो."

"जवाईबापू," बाबा पान्हा फिरवत म्हणाले, "तुमी अमरावतीचे. तुमच्याकडं कूलरले तीनच जाळ्या लावते. हा चार जाळ्यांचा हाय."

आता पेटीच्या एका बाजूला पंखा असताना चौथी जाळी लावायची कुठे, असा प्रश्न नवऱ्याने विचारला. बाबांनी ती वर लावली होती.

संध्याकाळी उद्घाटन झालं. आम्ही सगळे कूलरसमोर ओळीने बसलो. पहिली काही मिनिटं वाळ्याचा असा वास सुटला की माझ्या नवऱ्यानेही डोळे मिटले. मग हळूहळू खोलीची अवस्था न्हाणीघरासारखी व्हायला लागली. आरसा धुरकटला. भिंतीवरच्या कॅलेंडरने कडा वळवल्या. फरशीवर लेक घसरली आणि बसल्या जागेवरून म्हणाली, "आबाजी, मला पोहायला आल्यासारखं वाटतंय."

बाबा बनियनवर, घामाने निथळत, हवेच्या अगदी तोंडाशी बसले होते. "सेट व्हाले टाइम लागते," ते म्हणाले.

टाइम लागत राहिला. डब्यातल्या मिठाचं पाणी झालं. अमरावतीहून सासूबाईंनी पाठवलेले पापड तळायच्या आधी घडी घालता येतील इतके मऊ पडले. चिवडा चघळायचा पदार्थ झाला. एरवी मी असल्या गोष्टींवर घर डोक्यावर घेतलं असतं, पण मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. उलट खोलीत गेले की मुद्दाम शाल पांघरायची आणि "बरंच गार झालं हो" म्हणायची. बाबा माझ्या कपाळावरचा घाम बघायचे.

शेजारी एक म्हातारे ओमानी गृहस्थ होते. तरुणपणी जहाजावर खजूर घेऊन मुंबईला जायचे, त्यामुळे हिंदी फर्डी. बाबांचं आणि त्यांचं लगेच जमलं. दोघं कूलरसमोर बसून घाम पुसत आणि आपापल्या गावचा उन्हाळा किती भारी याच्या बढाया मारत. एकदा ते गृहस्थ म्हणाले की समुद्राचा वारा थांबून वाळवंटाकडचा वारा सुटला, की हा कूलर चालेल.

"कब आयेगा?" बाबांनी विचारलं.

"परसों."

बाबा दोन दिवस थांबले. वारा आला नाही. पुन्हा विचारलं. "परसों." असे कितीतरी परवा गेले. बाबा रोज सकाळी गॅलरीत ओलं बोट वर धरून उभे राहायचे, आणि कबूल करायला लाज वाटते, पण नवरा कामावर गेला की मीसुद्धा.

मग एक दिवस नाश्त्याला ते शांतपणे म्हणाले, "पोरी, तिकीट काढ माह्यं."

"अजून उन्हाळा संपला नाही."

"मले जमून नाई राहिलं. बोली झाली होती आपली."

माझा तोल गेला. मी म्हटलं, जा, खुशाल जा, तिथे पडा, आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा की पोरीला फोन करताना नीट सांगा. नवऱ्याने माझ्या हातातलं उलथणं काढून घेतलं. त्या दिवशीच्या सगळ्या पोळ्या करपल्या आणि त्या आम्ही तशाच खाल्ल्या. मला फार भीती वाटत होती. भीती वाटली की मी ओरडते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तिकीट निघालं.

जायला काही दिवस उरले असतील. सकाळी मी कपडे वाळत घालत होते. शेवटची चादर टाकेपर्यंत पहिला टॉवेल कडक वाळला होता. ओठ ओढल्यासारखे झाले, नाकाच्या आत कोरडं पडलं. तेवढ्यात गॅलरीतून बाबांची आरोळी आली.

"अवं पोरी! बाहेर ये! अकोलं आलं!"

खरोखरच आलं होतं. डोंगराकडून तो फुफाटा असा येत होता की डोळे उघडवत नव्हते, आणि बाबा त्यात तोंड वर करून, छाती काढून उभे होते. समुद्र नेहमीच्या जागी होता, पण त्याची कुणाला पर्वा नव्हती.

कूलर लावला. अर्ध्या तासात खोली गार. खरी गार, शाल पांघरावी अशी. शेजारचे गृहस्थ धापा टाकत आले आणि दारातूनच म्हणाले, "बोला था ना? परसों!" बाबांनी त्यांना मिठी मारली आणि लू लागू नये म्हणून त्यांच्या खिशात एक कांदा घातला. आमच्याकडे उन्हात निघालेल्या माणसाच्या खिशात कांदा असतोच. ते गृहस्थ बिचारे कांदा काढून बघत, पुन्हा आत ठेवत. मी कैरीचं पन्हं केलं. नवरा म्हणाला, "हवेतली आर्द्रता उतरली." बाबा म्हणाले, "चौथी जाळी."

मी मनातल्या मनात तिकीट रद्दसुद्धा केलं होतं. हे जिंकलो आपण, असं वाटत होतं.

जेवणं झाली. शेजारी घरी गेले. पडदे ओढले, बाबा कूलरच्या झोतात आडवे झाले, लेक त्यांच्या पायाशी. नवरा मोबाइल बघत होता, मी भिंतीला टेकून बसले होते. वाळ्याचा वास, ती एकसुरी घरघर, बाहेर भाजणारी दुपार. कुठे आहोत ते मलाही आठवत नव्हतं. मग टाकीतलं पाणी उतरलं आणि पंप खरखरायला लागला.

बाबा डोळे न उघडता म्हणाले, "अवं, पानी टाक न."

नवऱ्याने मोबाइल खाली ठेवला. लेक माझ्याकडे बघायला लागली. पंप खरखरत होता. बाबांनी डोळे उघडले आणि ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले.

मी उठले. न्हाणीघरातून बादली भरून आणली आणि टाकीत ओतायला लागले. मला रडू फुटलं होतं, पण पाण्याच्या आवाजात ते खपून गेलं.

"पूर्न नको टाकू," माझ्या पाठीमागून बाबा म्हणाले. "तुई माय अर्धीच बादली टाके. मोटर भिजते."

मी अर्धी बादली ठेवली.

दुसऱ्या दिवशी वारा फिरला. सकाळी आरसा पुन्हा धुरकट, मीठ पुन्हा पाणी. मी बाबांची बॅग काढली. आज ना उद्या भरावीच लागणार होती. ते गॅलरीत चहा पीत बसले होते, समुद्राकडे तोंड करून.

"मोटर न्यायची की इथेच ठेवायची?" मी विचारलं.

"राहू दे."

"आणि पंप?"

"तिकीट राहू दे मनतो मी."

आता मी गप्प बसायला हवं होतं. पण तो माझा स्वभाव नाही. मी म्हटलं, "काहून? तिथे तर कूलर चांगला चालते तुमचा."

बाबांनी बशीतलं बिस्कीट उचललं. ते हवेनेच मऊ झालं होतं, तरी सवयीने चहात बुडवलं.

"चालते न," ते म्हणाले. "पानी टाकाले कोन हाय तिथं?"