अंगणातली चुन्याची रेघ

२० फेब्रुवारी १९५५. सकाळी दाट धुकं, दुपारी लख्ख ऊन, वारा अजिबात नाही.

स्टोअरमध्ये टेस्ट ट्यूब फुटली की मी तिचं नाव खोडतो आणि मोकळा होतो. किश्शांचं तसं होत नाही. ते फुटतही नाहीत, खोडताही येत नाहीत, नुसते साचतात! आज दुपारी जे झालं त्यानं माझे हातपाय अजून गार आहेत. म्हणून आधी मागचे लिहितो, तेवढ्यात थोडी ऊब येईल.

आमचं केंद्र ब्रह्मपुरीबाहेर, भाड्याच्या घरात. माणसं चार. सुमतीबाई बायोकेमिस्ट, म्हणजे झाडापाल्यातलं रसायन शोधणाऱ्या. मी स्टोअरकीपर, गणपत शिपाई, आणि स्वयंपाकाला सखूबाई. काम एकच. इथे धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, लाखोळी पेरतात, गरीब माणूस हिवाळाभर तिचीच डाळ खातो, आणि उन्हाळ्यात एखाद्याचे पाय आखडतात, हातात काठी येते ती कायमची. लाखोळीत असं काय आहे, हे बाईंना शोधायचं होतं.

*

बाई आल्या त्या दिवशी गणपत मोटार स्टँडवर ‘डॉक्टरसाहेबां’ना आणायला गेला. हॅटवाला माणूस दिसला, त्याची बॅग उचलली, घेऊन आला. साहेब हातपाय धुऊन जेवले. मायक्रोस्कोप पाहून “उत्तम मशीन आहे” असंही म्हणाले!

तेवढ्यात दारात बैलगाडी थांबली. पांढऱ्या पातळातल्या एक बाई स्वतःची ट्रंक ओढत उतरल्या. “मी डॉक्टर सुमती. हे कोण?”

हे बियाणं विकणारे एजंट होते. गणपतचा चेहरा पाहवेना. “मले काय मालूम? बाई बी डॉक्टर असते अन् हॅट बी नाई घालत!”

एजंटनं जाताना भाताची तारीफ केली.

*

मग बाईंनी घरोघर फिरून मूठमूठ लाखोळीची डाळ गोळा केली. महिनाभर तपासली. विषाचा मागमूस नाही! बाईंची झोप उडाली. पुण्याची कॉलेजातली नोकरी सोडून आलेली बाई; आता तिथे काय सांगणार?

शेवटी सखूबाईंनी एक दाणा दाताखाली धरला. “ही तं तूर आहे!”

बाई तशाच गावात गेल्या. एका म्हातारीला विचारलं, “लाखोळी मागितली, तूर काऊन दिली?” इतक्या दिवसांत बाईंनाही ‘काऊन’ लागलं होतं.

म्हातारी उलट त्यांच्यावरच चिडली. “पावणीले लाखोळी देऊ? नाक कापाचं आहे का आमचं?”

साऱ्या गावानं, स्वतः लाखोळी खाऊन, बाईंसाठी ठेवणीतली तूर काढली होती.

*

पुढे बाईंनी युक्ती काढली. डाळ उकळत्या पाण्यात भिजवायची, ते पाणी फेकायचं, मग शिजवायची. विष पाण्याबरोबर जातं, असा त्यांचा अंदाज. गाव हसलं. काठीवर चालणारा किसन म्हणाला, “आधी तुमीच खा नं बाई!”

“खाते,” बाई म्हणाल्या. “आम्ही सगळेच खातो. हिवाळाभर!”

आम्हाला कोणी विचारलंच नव्हतं.

केंद्राचा खर्च मंजूर करणाऱ्या नागपूरच्या साहेबांनी अट घातली. होळीआधी येऊन पाहीन. सगळ्यांचे पाय सरळ असले तर युक्ती गावोगाव नेऊ, नाहीतर केंद्राला कुलूप. म्हणून बाईंनी अंगणात चुन्याची रेघ मारली. रोज सकाळी प्रत्येकानं तिच्यावरून चालायचं, टाचेला बोट लावून. लोक कुंपणापाशी जमत. “सर्कस कधी सुरू होते बाप्पा?”

एका सकाळी गणपत रेघेवरून घसरला. पुन्हा चालला, पुन्हा तिरपा! बाई पांढऱ्याफटक पडल्या. त्याचे गुडघे तपासायला वाकल्या आणि झटकन मागे सरल्या.

“लाखोळी नाई बाई,” गणपत हात जोडून म्हणाला. “काल साळ्याचं लगन होतं. हे मोहाच्या दारूचं आहे.”

*

आज साहेब आले. आम्ही चौघं रेघेवरून चाललो. सगळे सरळ! साहेब खूश. बाईंच्या चेहऱ्यावर असं हसू मी पहिल्यांदा पाहिलं. जेवणं झाली की हुकूम लिहितो म्हणाले.

पंगतीत साहेबांनी साराची तिसरी वाटी मागितली. “वा! कशाचं हो हे?”

सखूबाई दाराआडून म्हणाल्या, “लाखोळीचंच. बाई रोज पाणी फेकाले सांगते. अन्नाचं पाणी कोणी फेकते का साहेब? पाप लागते. मी चिंच-गूळ घालून समद्याइले पाजून राह्यली, हिवाळाभर.”

माझा हात आपोआप गुडघ्यावर गेला. बाई रोज दोन वाट्या पीत.

“म्हणजे,” बाई आपल्या वाटीकडे पाहत म्हणाल्या, “काढलेलं सगळं विष आपण पुन्हा...”

“पण पाय तं सरळच आहेत नं बाई?” गणपत म्हणाला.

साहेबांनी वाटी खाली ठेवली. उठले, अंगणात गेले, बूट-मोजे काढले आणि रेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. सरळ चालले.

सखूबाईंनी उरलेलं सार परसात ओतलं. केंद्राला आणखी एक हिवाळा मिळाला. विष पोटात गेलंच होतं, त्यामुळे युक्तीचं काहीच सिद्ध झालं नव्हतं; प्रयोग पहिल्यापासून.